‘ऑक्सबो’चं श्राव्य वर्णन: प्रकल्प नोंदी

४ जून

चित्र ठरलं. अमेरिकन निसर्गचित्रकार थॉमस कोलचं ‘ऑक्सबो’ (म्हणजे नदीचा नालाकृती वळसा), साल १८३६. कॅनव्हासवर तैलरंग, उंची साधारण १३१ सेंटिमीटर, रुंदी १९३. १९०८ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पूर्ण शीर्षक एका दमात म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थॅम्प्टन, माउंट होल्योक डोंगरावरून, वादळी पाऊस पडून गेल्यावर, असा सगळा पत्ताच त्यात आहे. खाली वळसा घेताना दिसते ती कनेक्टिकट नदी.

काम असं: दृष्टिहीन श्रोत्यांसाठी या एकाच चित्राचं पंधरा मिनिटांच्या आतलं ध्वनिमुद्रित वर्णन, आणि सोबत हातानं चाचपायला उठावाचा तक्ता. संग्रहालयानं चित्राची मोठी डिजिटल प्रत कुणालाही वापरायला खुली ठेवली आहे, त्यामुळे परवानग्यांचं झेंगट नाही.

निसर्गचित्रच कशाला, असं गटात विचारलं गेलंच. व्यक्तिचित्राचं वर्णन सोपं पडतं. चेहरा, कपडे, हात कुठे ठेवलेत, मागे काय आहे. नदीच्या खोऱ्यात मात्र सुरुवात कुठून करायची इथपासून पेच. मला तोच पेच हवा आहे.

६ जून

आज नुसतं बघणं. मोठ्या पडद्यावर चित्र लावून बसलो.

पहिल्या नजरेत चित्राचे दोन तुकडे पडतात. डाव्या बाजूला वरून खाली उतरत येणारा डोंगर, गर्द झाडी, मोडका, वाळका, वादळानं पिळवटलेला बुंधा, आणि त्यावर काळे ढग. ढगांच्या पोटातून पावसाच्या तिरक्या सरी अजून लोंबताहेत. उजवीकडे सगळं सपाट, मोकळं, उन्हातलं: शेतं, झाडांच्या रांगा, इकडेतिकडे धुराच्या रेघा, पाण्यावर होड्या. या दोन्हींमधली सीमा डाव्या वरच्या कोपऱ्याकडून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरते. हीच सीमा आडवी किंवा उभी असती तर चित्र कोरडं झालं असतं. तिरकी असल्यामुळे डोंगर दरीवर कलल्यासारखा वाटतो.

नदी त्या उजेडाच्या भागात आहे. तिचा वळसा मोठा, जवळजवळ पूर्ण फेरा. पाण्यावर लाट नाही, फेस नाही, आकाशाचं प्रतिबिंब तेवढं आहे. डावीकडे इतका गोंधळ चालू असताना ही एकटी गुळगुळीत जागा. डोळा परत परत तिथेच जाऊन विसावतो, आणि बहुतेक म्हणूनच चित्राला तिच्या वळणाचं नाव पडलं असावं. डोंगराचं नाव शीर्षकात असूनही ते कुणी घेत नाही.

मग बऱ्याच वेळानं चित्रकार सापडतो. खाली, मध्याच्या आसपास, खडकांच्या बेचक्यात. टोपी घातलेला, समोर लाकडी घोडीवर (ईझलवर) कॅनव्हास, आणि मान वळवून आपल्याकडे बघणारा. नखाएवढा. त्याच्या उजवीकडे खडकाच्या टोकावर सामान ठेवलंय, आणि छत्री दरीच्या बाजूला झुकली आहे. ती छत्री नदीच्या पाण्यावर आडवी येते. जंगलाच्या बाजूची एकच वस्तू शेतांच्या बाजूला घुसलेली, तीही माणसाच्या हातची. कोलनं हे सहज केलं असेल यावर माझा विश्वास नाही. सही कोपऱ्यात नाहीच. चित्रकाराच्या सामानातल्या चित्रांच्या बासनावर आहे.

९ जून

क्रम. आजचा पूर्ण दिवस यातच गेला.

डोळे असणाऱ्याला चित्र एकदम मिळतं, मग तो हवं तिथे फिरतो. ऐकणाऱ्याला ते एकामागून एक मिळतं, आणि आधी काय सांगितलं त्यावर चित्राचा अर्थच बदलतो. डावीकडून उजवीकडे गेलो तर गोष्ट होते: आधी रान, वादळ, मग माणूस आला, शेती झाली, ऊन पडलं. प्रगतीची आरतीच. उजवीकडून डावीकडे गेलो तर उलटं: सगळं छान चाललं होतं, आता वर काळं भरून आलंय. शीर्षक सांगतं की पाऊस पडून गेला आहे, म्हणजे वादळ निघून चाललंय, पण ऐकणाऱ्याच्या मनात शेवटी ढग राहिले तर तो वादळ येतंय असंच धरून बसेल.

कोल स्वतः या बाबतीत एका बाजूचा नव्हता. जन्म १८०१, इंग्लंडमधल्या लँकेशरचा, कारखान्यांच्या मुलखातला. १८१८ मध्ये कुटुंबासोबत अमेरिकेत आला. तिथल्या रानाची भव्यता त्यानं मनापासून रंगवली, आणि हे चित्र केलं त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात कुऱ्हाडीखाली जाणाऱ्या जंगलांबद्दल हळहळही व्यक्त केली. त्याच निबंधात शेतीनं वसलेल्या भूमीबद्दल आशाही आहे. मग मी त्याच्या वतीनं डावं-उजवं ठरवणारा कोण?

म्हणून तिसरा क्रम घेतोय: पायाखालून लांब. आधी ऐकणाऱ्याला उभं करायचं, मग जवळचं, मग दरी, मग क्षितिज. डावं आणि उजवं प्रत्येक टप्प्यावर जोडीनं येईल. यात लिहायचं काम दुप्पट आहे, कारण दर वेळी दोन्हीकडे वळावं लागतं. चालेल.

१३ जून

कच्चा मसुदा वाचून दाखवला. आमच्या दोन परीक्षक श्रोत्यांपैकी ताई जन्मापासून दृष्टिहीन आहेत, काकांची नजर उतारवयात गेली. दोघांचं एकमत फार क्वचित होतं, आणि म्हणूनच दोघं लागतात.

काका: “रंग कुठायत? नुसतं ‘उजेड’ म्हणतोस, कसला उजेड ते सांग. पिवळट, की पांढरा, की पावसानंतर पडतो तसा धुतलेला?” त्यांचं म्हणणं रास्त आहे. उजव्या बाजूला पिवळसर हिरवा आणि सोनेरी, डाव्या बाजूला करडा-निळा आणि तपकिरी हिरवा. एवढं तरी यायला हवं.

ताई: “रंग घाला, माझी ना नाही. पण लांबचे डोंगर ‘फिकट निळे’ झाले म्हणजे काय झालं? डोंगर तोच ना?”

इथे गाडी अडली. अंतरानं वस्तू लहान दिसते हे ताईंना माहीत आहे, शाळेत शिकलेल्या आहेत. पण ती फिकी पडते, तिच्या कडा विरतात, हे मधल्या हवेमुळे होतं आणि चित्रकार तीच हवा रंगवतो, हे कसं पोचवायचं?

विजेच्या आवाजानं काम झालं. जवळ वीज पडली की कडाडते, आवाजाला धार असते. तीच लांब पडली की नुसता घुमतो तो गडगडाट. हवा उंच पट्टीचे स्वर जास्त शोषते, लांबवर जाड स्वर तेवढे उरतात. ताई लगेच म्हणाल्या, “म्हणजे लांबच्या डोंगराची धार हवेनं खाल्ली.” हेच वाक्य वर्णनात जसंच्या तसं घ्यायचं, त्यांची परवानगी घेऊन. शिवाय चित्रात वादळ आहेच, म्हणजे दाखला बाहेरून आणलेला वाटणार नाही.

काकांना मात्र हे वाक्य फार शहाणं वाटलं. ठेवणार आहे.

१५ जून

पार्श्वभूमीचं वाचन. कामाचं तेवढंच टिपतो.

हे दृश्य कोलनं शोधून काढलेलं नाही. बॅसिल हॉल नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं अमेरिकेच्या प्रवासात हेच वळण याच डोंगरावरून रेखाटलं होतं, आणि त्याचा कोरीव छाप १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉल कॅमेरा ल्युसिडा वापरायचा: काठीवर बसवलेलं लोलक, त्यातून बघितलं की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि पेन्सिल त्यावरून फिरवायची. कोलनं त्या छापावर पातळ कागद ठेवून त्याची नक्कल उतरवून घेतली होती. पुढे १८३३ मध्ये स्वतः डोंगरावरून पेन्सिलचं रेखाटन केलं, आणि तैलचित्र त्यानंतर, स्टुडिओत.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. माउंट होल्योकच्या माथ्यावर १८२१ पासूनच हवा खायला येणाऱ्यांसाठी एक लहानसं घर बांधलेलं होतं. लोक मुद्दाम चढून यायचे, देखावा बघायचे. कोलच्या डोंगरावर घर नाही, वाट नाही, एकही पाहुणा नाही. आहे ते निबिड रान आणि त्यात एकटा चित्रकार. म्हणजे चित्रातला डावा, ‘जंगली’ भाग हा जागेपेक्षा रचनेला हवा म्हणून इतका जंगली आहे. मला यात लबाडी दिसत नाही. दोन बाजू समोरासमोर उभ्या करायच्या तर एक बाजू कडक हवी. पण ही माहिती ऐकल्यावर मी स्वतः डावी बाजू वेगळ्या नजरेनं बघायला लागलो, हे खरं.

हे मुख्य वर्णनात घ्यायचं नाही. वर्णन चित्रात दिसतं त्याचं. बाकीचं दुसऱ्या भागात, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. काकांना हा नियम मान्य, ताईंना अर्धाच.

२० जून

उठावाचा तक्ता. दोन पानं करायची ठरली: एक चित्राच्या मांडणीचं, दुसरं नदीच्या वळणाचं साधं नकाशासारखं, वरून बघितल्याप्रमाणे. चित्रात नदी तिरकी, लांबवर पसरलेली दिसते. बोटांना त्या तिरकसपणाचा काही उपयोग नाही.

उष्णतेनं फुगणारा कागद पक्क्या प्रतींसाठी वापरू. आज नमुना हातानं केला, जाड पुठ्ठ्यावर. पहिल्या पानावर तिरकी सीमा सुतळीची, रानाच्या बाजूला खरखरीत पॉलिश पेपर, शेतांच्या बाजूला तोच पण बारीक दाण्याचा, आकाश कोरं. चित्रकाराच्या जागी एक मणी. झाडं, होड्या, धूर, सगळं गाळलं. बोट एका वेळी एवढ्याशा जागेवर असतं, तिथे दहा गोष्टी आल्या की सगळाच कचरा होतो.

दुसऱ्या पानावर नदी म्हणजे दोऱ्याच्या दोन समांतर रेघा, मधे गुळगुळीत पट्टा, बाकी कागद खडबडीत.

ताईंनी दुसरं पान आधी उचललं. उजव्या हाताची तर्जनी पट्ट्यावरून निघाली, वळणावर हळू झाली, फेरा घेऊन परत आली. त्यांनी डावी तर्जनी सुरुवातीच्या जागेवर ठेवलेलीच होती. दोन बोटं जवळजवळ टेकली. मधे एक अरुंद खडबडीत पट्टी, जमिनीची मान.

“एवढा फेरा मारून नदी इथेच आली? मग इथूनच सरळ का नाही गेली?”

मी चित्र इतका वेळ बघतोय, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. डोळ्याला तो वळसा सुंदर दिसतो आणि तिथेच समाधान होतं. बोटाला अंतर कळलं: लांबची वाट किती लांब, जवळची किती जवळ.

उत्तर असं की नदी गेलीच सरळ. १८४० मध्ये पुराच्या पाण्यानं ती मान फोडली आणि प्रवाह थेट गेला. चित्रानंतर चारच वर्षांनी. वळसा बाजूला पडला आणि त्याचं नालाकृती सरोवर झालं. ते आजही आहे, आणि आता त्यावरून मोठा महामार्ग जातो.

कारण शाळेच्या भूगोलातलंच आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागतं, तो काठ खचत जातो. आतल्या काठाला वेग कमी, तिथे गाळ बसतो. त्यामुळे वळण दर पावसाळ्यात थोडं आणखी वाकतं, आणि वाकता वाकता त्याच्या दोन टोकांमधली जमीन बारीक होत जाते. मग एखादा पूर पुरतो.

म्हणजे चित्रात जी बाजू शांत, निवांत, वसलेली म्हणून येते, तिथली नदीच तेव्हा जागा बदलायच्या बेतात होती. आणि सगळी धडपड ज्या डोंगरावर दाखवली आहे, तो आहे तिथेच आहे.

२१ जून

वाद. १८४० ची गोष्ट मुख्य वर्णनात घ्यायची की नाही.

नियम माझाच, की चित्रात दिसतं तेवढंच. काका नियमाच्या बाजूनं: “कोलला पूर माहीत नव्हता. त्याच्या चित्रात तुम्ही तुमचा पूर सोडू नका.” ताईंचं म्हणणं, पुराची गोष्ट सांगू नका, पण मान अरुंद आहे हे चित्रातलंच आहे, ते तरी सांगा, पुढचं ज्याचं त्याला सुचेल.

ताईंचं घेतलं. पूर दुसऱ्या भागात.

२६ जून

लांबच्या टेकडीवरच्या खुणांबद्दल. पलीकडच्या टेकडीच्या उतारावर झाडं तोडून मोकळ्या झालेल्या जागा दिसतात. काही अभ्यासकांना त्यात हिब्रू अक्षरं दिसली: आपल्याकडून वाचलं तर बायबलमधल्या महापुराच्या कथेतल्या नोहाचं नाव, आणि वरून, म्हणजे आकाशातून खाली बघितल्यासारखं वाचलं तर ईश्वराचं एक नाव. कल्पना आकर्षक आहे. वादळ, पाऊस, नोहा, सगळं जुळतं. मी प्रत मोठी करून बराच वेळ बघितलं. अक्षरं आहेत म्हटलं की दिसतात, नाहीत म्हटलं की तोडलेलं रान दिसतं. वर्णनात ‘टेकडीच्या अंगावर झाडं तोडल्याच्या फिक्या खुणा’ एवढंच येईल. तोडलेलं रान दोन्ही वाचनांत खरं आहे, आणि कुऱ्हाडीवर लिहिणाऱ्या माणसाच्या चित्रात ते पुरेसं बोलकं आहे.

क्ष-किरण तपासणीत या चित्राच्या रंगाखाली दुसरीच मांडणी सापडली आहे, हे दुसऱ्या भागात घेतोय. कोल त्या काळात एका साम्राज्याचा उदय ते विनाश अशी पाच चित्रांची मालिका करत होता, आणि त्यातल्या वैभवाच्या चित्राची सुरुवात याच कॅनव्हासवर झाली होती. एका ओळीचीच गोष्ट, पण काका खूश झाले. “शेतांच्या खाली राजवाडे,” म्हणाले.

३० जून

दरीचा परिच्छेद पक्का झाला. नोंदीसाठी इथे उतरवून ठेवतो:

“आता खडकाच्या कडेवरून पुढे. जमीन तुटते आणि खूप खाली दरी सुरू होते. डाव्या हाताला अजून पाऊस लोंबतोय, उजव्या हाताला ऊन आहे. खाली नदी. ती गुळगुळीत आहे, आकाशासारखी उजळ. एका सपाट, हिरव्या जमिनीला ती जवळजवळ पूर्ण फेरा घालते. फेऱ्याची दोन टोकं एकमेकांच्या इतकी जवळ येतात की मधे जमिनीची फक्त एक बारीक मान उरते. फेऱ्याच्या आत शेतं आहेत, कापलेल्या पिकाच्या लहान राशी आहेत. नदीपलीकडे घरं असावीत, कारण धूर सरळ वर चाललाय. त्या बाजूला वारा नाही.”

शेवटच्या अर्ध्या वाक्यावर मी खूश आहे. डावीकडे झाडं वाऱ्यानं पिळवटलेली आणि इथे धूर सरळ; ही एकच तुलना दोन्ही बाजूंचं हवामान सांगून जाते, विशेषणं न लावता.

‘भव्य’, ‘मनोहर’, ‘नयनरम्य’ हे तीन शब्द पूर्ण मजकुरातून काढले. ते ऐकणाऱ्याला काय वाटावं हे सांगतात, काय आहे ते सांगत नाहीत.

५ जुलै

ध्वनिमुद्रण. वाचणारी सहकारी फार छान वाचते, पण वादळाच्या भागात आवाज आपसूक चढवते. तिला विनंती केली की दोन्ही बाजू एकाच पट्टीत वाच, नाहीतर आपण ९ जूनला टाळलेला डाव्या-उजव्याचा कौल आवाजातून परत येतो. पार्श्वसंगीत नको, पक्ष्यांची किलबिल नको, पाण्याची खळखळ तर अजिबात नको. इतक्या उंचावर नदीचा आवाज पोचणार नाही.

विराम मात्र वाढवले. परिच्छेदांमधे तीन-चार सेकंद, म्हणजे बोटाला तक्त्यावर पुढच्या जागी जायला वेळ मिळतो.

९ जुलै

पूर्ण फीत आणि पक्का तक्ता, दोन्ही एकत्र, दोघांसमोर.

काकांनी डोळे मिटून ऐकलं (सवय, म्हणतात). त्यांची एकच तक्रार: ढगांना ‘काळे’ म्हटलंय, काळे नसणार, करड्या-निळ्यात जांभळट झाक असणार. प्रतीवर बघितलं. झाक आहे. शब्द बदलला.

ताईंचं बोट पहिल्या पानावर मण्यापाशी थांबलं होतं. वर्णनात चित्रकार मधल्या भागात येतो, खडकांच्या टप्प्यावर, आणि तिथे वाक्य आहे: ‘तो मान वळवून आपल्याकडे बघतो आहे.’

“हे इतक्या उशिरा का?” त्यांनी विचारलं. “तो माझ्याकडे बघतोय म्हणजे मी त्याच्या मागे, त्याच्याही वरच्या खडकावर आहे. मग मी कुठे उभी आहे ते मला त्याच्यावरूनच कळणार ना? मी आधीचा अर्धा भाग हवेत तरंगत ऐकला.”

पायाखालून सुरुवात करायची ठरवली होती, आणि पाय नेमके कुठे आहेत हे सांगणारा माणूस चित्रात बसलेला होताच. त्याचं वाक्य उचलून सर्वांत पहिलं केलं: खाली खडकांत एक चित्रकार बसला आहे, तो मान वळवून वर तुमच्याकडे बघतो आहे. मग त्याच्या डाव्या-उजव्यावरून बाकीचं. त्यामुळे सुरुवातीचा आणि खडकांचा, असे दोन परिच्छेद नव्यानं लिहावे लागले. ते मंगळवारी मुद्रित करायचे आहेत. तक्त्यावर मण्याला ‘१’ हा ब्रेल आकडा लावायचा, आणि नदीच्या पानावर क्रमांक तसेच ठेवायचे.